एकाने कमी

शिउंडूच्या नातीला गणित येत नाही ही बातमी शिउंडूला सगळ्यांत शेवटी कळली. तोवर ती शाळेत, चर्चमध्ये, मोटारसायकलवाल्यांच्या नाक्यावर आणि शेजारच्या मकोखाकडे फिरून चांगली शिळी झाली होती.

बातमी प्रगतिपुस्तकात होती, पण सरळ शब्दांत नव्हती. नव्या अभ्यासक्रमात कुणी नापास होत नाही. सरकारला पोरांची मनं जपायची असतात. म्हणून पोर 'अपेक्षेहून वरचढ' असतं, 'अपेक्षेप्रमाणे' असतं, 'अपेक्षेच्या जवळ' असतं, आणि अगदीच काही जमेना तर 'अपेक्षेच्या खाली' असतं. चौथीतली मिनायो बाकी सगळ्या विषयांत वर कुठेतरी होती. गणितात खाली.

"म्हणजे नापास ना?" शिउंडूने विचारलं.

"छे छे, म्झे," म्हाताऱ्यांना आदराने देतात ती हाक देत वर्गशिक्षिका खायेली मॅडम म्हणाल्या. "नापास कसली? खाली आहे."

"कशाच्या खाली?"

"अपेक्षेच्या."

"कुणाच्या अपेक्षेच्या?"

यावर मॅडमनी पुढच्या पालकाला हाक मारली.

शिउंडूला हे फारच लागलं, आणि त्याला कारण होतं. एकतीस वर्षं तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होता. अख्ख्या पंचक्रोशीतला ऊस त्याच्या डोळ्यांसमोरून गेला होता. भरलेल्या ट्रॉलीतून रिकामी ट्रॉली वजा करायची, हेच त्याचं आयुष्य. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की जेवता जेवता तो म्हणायचा, "सात टन दोनशे." कुणी विचारलेलं नसायचं. अशा माणसाची नात वजाबाकीत खाली!

त्याच संध्याकाळी नैरोबीहून मुलाचा, प्रोटसचा फोन आला.

"बाबा, आई होती तोवर गोष्ट वेगळी होती. आता मिनायोला इकडे आणतो. दोन वर्षांची असल्यापासून तुमच्याकडे आहे, तिची आई रोज रडते. इथली शाळा चांगली आहे, पण गणितात 'अपेक्षेप्रमाणे' असल्याशिवाय घेत नाहीत. ऑगस्टच्या परीक्षेत जमलं तर आणतो. नाही जमलं, तर राहू दे आणखी एक वर्ष तुमच्यापाशी."

आता बघा. गणित जमलं तर नात जाणार, नाही जमलं तर राहणार. त्याच्या बायकोला, आयुमाला, जाऊन चार महिने झाले होते, आणि घरात आवाज म्हणून काय तो त्या पोरीचाच होता. शहाण्या माणसाने तोंड मिटून ऑगस्ट येण्याची वाट पाहिली असती. पण शिउंडूला नाक होतं, आणि ते नको तिथे आडवं यायचं.

"माझ्या नातीला गणित येत नाही म्हणतोस?" तो फोनवर कडाडला. "ऑगस्टमध्ये बघ म्हणावं!"

फोन ठेवल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. पण बोललेला शब्द परत घेईल तो शिउंडू कसला. दुसऱ्या दिवसापासून अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली शिकवणी सुरू झाली.

"एका बाईकडे चोवीस केळी आहेत," त्याने पुस्तकातून वाचलं. "ती सहा मुलांना सारखी वाटते. प्रत्येकाला किती?"

मिनायोने आभाळाकडे पाहिलं, पेरूकडे पाहिलं. "तीन."

"चार! सहा चोक चोवीस!"

"पोरीचं बरोबर आहे," कुंपणापलीकडून मकोखा म्हणाला. मकोखा हा गुरांच्या दवाखान्यातला निवृत्त कंपाउंडर. गुरं कमी झाली तसा तो माणसांना सल्ले द्यायला लागला होता. "सगळी केळी वाटून ती बाई काय उपाशी राहील? सहा तिने स्वतःला ठेवली. उरली अठरा. सहा त्रिक अठरा."

"पुस्तकात तसं लिहिलेलं नाही."

"पुस्तक लिहिणारा पुरुष असणार."

मकोखाच्या मते सगळा दोष आहारात होता. मेंदूला माशाची डोकी लागतात. आठ दिवस घरात माशाची डोकी शिजली. त्यानंतरही मिनायोचे सात सक्कं एकेचाळीसच होत होते. मांजर मात्र दार स्वतःचं स्वतः उघडायला शिकलं.

अशातच शाळेतून गृहपाठ आला. नव्या अभ्यासक्रमाचा गृहपाठ हा मुलांना देतात आणि आईबापांकडून करून घेतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. 'घरातील एक पदार्थ कुटुंबात वाटून अपूर्णांक दाखवा. रंगीत फोटो छापून, पालकाच्या सहीने आणा.'

शिउंडूने मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा पुढे ओढला. गोल, गुळगुळीत, चार काप मारले की चार चतुर्थांश. इतकं सोपं होतं. पण मकोखा कुंपण ओलांडून आलाच.

"उगालीचा फोटो? शाळेत? लोक म्हणतील, कारखान्याची पेन्शन खातो आणि नातीला नुसती उगाली घालतो. कोंबडी काप, कोंबडी!"

इथे पुन्हा नाक आडवं आलं, आणि कोंबडी कापली गेली.

आता आमच्या लुह्या जमातीच्या माणसाला वाटेल ते सांगा, पण कोंबडीचे सारखे भाग करा म्हणून सांगू नका. पोटा, म्हणजे जठराचा तुकडा, घरच्या कर्त्याचा. तंगड्या पाहुण्याच्या. पंख पोरांचे. पाठीचा तुकडा शिजवणारीचा. हे देवाने ठरवलंय की आजोबा-पणजोबांनी, याबद्दल मतभेद असतील, पण पोटा दुसऱ्याच्या ताटात पडला म्हणून भावाभावांनी बोलणं टाकल्याची उदाहरणं गावात आहेत. त्या पोट्याचे तीन सारखे भाग करायचे म्हणून शिउंडूने सुरी उचलली, तेव्हा मकोखाने त्याचा हात धरला.

"वेडा झालास? पोटा कापतात होय? उद्या घराणं कापशील!"

"मग छेद काय लिहू?"

"लिही की, पोट्याला छेद नाही."

अर्धा तास वाद झाला. शेवटी रीतीप्रमाणेच वाटप झालं. पोटा शिउंडूला, दोन्ही तंगड्या पाहुणा म्हणून मकोखाला, पंख मिनायोला. पाठीचा तुकडा शिउंडूने सवयीने वेगळ्या ताटलीत काढला, झाकला, चुलीच्या बाजूला सरकवला आणि मग त्याला कळलं, आपण काय केलं ते. बेचाळीस वर्षांची सवय हाताला होती. मकोखाने ताटलीकडे पाहिलं आणि चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मिनायोने तेवढ्यात फोटो काढला. छापून आला तेव्हा त्यात एक चतुर्थांश कोंबडी आणि तीन चतुर्थांश मकोखा होता.

मॅडमनी फोटो परत पाठवला. खाली शेरा होता, 'भाग समान नाहीत. सही चालणार नाही. शाळेच्या दप्तरी पालक म्हणून आयुमा यांचं नाव आहे.'

समान भागांचं मनावर घेण्यासारखं नव्हतं, पण सहीचं होतं. पालक बदलायचा तर गावच्या उपप्रमुखाच्या कचेरीतून पत्र हवं. शिउंडू कोट घालून कचेरीत गेला. तिथला कारकून टेबलावर शिक्का घेऊन बसला होता, आणि तो शिक्का आपल्या हाताने कागदावर पडेल तो दिवस आपल्या पराभवाचा, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

"मयताशी नातं?"

"नवरा."

"पुरावा?"

"बेचाळीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं."

"लेखी, म्झे. लग्नाचा दाखला."

"आमच्या वेळी दाखले कुठे होते? लग्नात तिच्या बापाला गाई दिल्या होत्या. तीन."

"चार," मागून मकोखा म्हणाला. तो साक्षीदार म्हणून आला होता. "चौथी लंगडी होती. मी स्वतः हाकलत नेली."

"ती लंगडी तिच्या बापाने परत पाठवली!"

"पाठवली, पण दिली होतीस ना?"

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. "तीन की चार ते ठरवून सोमवारी या. दोन फोटोही आणा."

चार सोमवार गेले. अखेर कागदावर 'तीन-चार गाई' असं लिहून शिक्का पडला. 'मयताचा पती व मुलीचा पालक' या ओळीखाली शिउंडूने सही केली. कचेरीबाहेर येऊन तो बराच वेळ भिंतीला टेकून उभा राहिला. बायको गेल्याचं त्याला पुरायच्या दिवशी जितकं कळलं नव्हतं, तितकं त्या जांभळ्या शिक्क्याने कळलं होतं. मकोखाने चहा पाजला आणि वाटेत गाईंचा विषय काढला नाही.

ऑगस्ट आला. परीक्षेला तीन दिवस राहिले असताना भूमितीचा गृहपाठ आला. 'घराजवळची एक आयताकृती वस्तू मोजून तिची परिमिती काढा.'

घराजवळ आयताकृती काय असणार? दार वाकडं, कोंबड्यांचं खुराडं गोल, कुंपण मकोखाने दरवर्षी इकडे सरकवल्यामुळे कुठल्याच आकाराचं राहिलेलं नाही. अंगणात सरळ कोपऱ्यांची एकच गोष्ट होती. मिनायो टेप घेऊन थेट आजीच्या थडग्यापाशी गेली; आमच्याकडे माणसाला त्याच्या अंगणातच पुरतात. शिउंडूला तिला थांबवायचं होतं, पण काय म्हणून थांबवायचं ते सुचेना. त्याने टेपचं दुसरं टोक धरलं.

"लांबी दोन मीटर," मिनायो म्हणाली. "रुंदी एक. धरा नीट, कुका, हलतंय."

कुकाने, म्हणजे आजोबाने, टोक अंगठ्याने सिमेंटवर दाबून धरलं. मग ती सिमेंटवर बसली आणि वही उघडली. वस्तूचं नाव या रकान्यात तिने लिहिलं, 'कुखू', म्हणजे आजी. परिमितीपाशी क्षणभर थांबली. तिचे ओठ हलले. "सहा," असं ती अगदी हळू म्हणाली, आणि हाताने लिहिलं, पाच.

शिउंडूने ते पाहिलं. ती पाणी आणायला गेल्यावर त्याने वही उचलली आणि चष्मा पुसून पहिल्या पानापासून वाचायला बसला.

काट्यावर दोन तऱ्हेच्या चुका असतात. कारकुनाला डुलकी लागली, तर एका ट्रॉलीला शंभर किलो जास्त लागतात, दुसरीला दीडशे कमी. ती खरी चूक. पण आलेली प्रत्येक ट्रॉली नेमकी दोनशे किलोने कमी भरायला लागली, की समजावं, कुणीतरी काटा मारलाय. आणि काटा मारायचा तर खरं वजन आधी माहीत असावं लागतं. मिनायोच्या वहीत चुकलेली गणितं त्रेपन्न होती. बेरीज असो, भागाकार असो, अपूर्णांकाचा अंश असो, उत्तर प्रत्येक वेळी एकाने कमी होतं. ज्या पोरीला गणित येत नाही तिला इतकं बिनचूक चुकता येत नाही.

ती हंडा घेऊन आली तेव्हा वही त्याच्या मांडीवर उघडी होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

तिने हंडा खाली ठेवला. खोटं बोलावं की नाही याचा थोडा विचार केला. "कुखूला पुरलं तेव्हापासून. डॅडी तिथे उभे राहून काकांना सांगत होते, गणित चांगलं असेल तरच शाळा घेते म्हणून."

"आणि आईकडे जायचं नाही तुला?"

"जायचंय," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "पण तुमच्या गोळ्या कोण देणार? सकाळी अर्धी, संध्याकाळी दीड. तुम्ही उलटं घेता. मी बघितलंय."

इतके महिने ही पोरगी रोज सकाळी नखाने गोळीचे दोन भाग करत होती, कण न सांडता, आणि हा माणूस तिला पेरूखाली बसवून अर्धा म्हणजे काय ते शिकवत होता! शिउंडूला स्वतःची लाज वाटली. आणि, खरं सांगायचं तर, त्याच क्षणी त्याला आनंदही झाला, मोठा, अप्पलपोटा आनंद. कुणीतरी त्याच्यासाठी राहायला बघत होतं. आता त्याने काहीच करायचं नव्हतं. वही मिटायची, चहा मागायचा. पोरगी राहिली असती, दोष कुणावर आला नसता.

तो उठला, अंगणात दोन फेऱ्या घालून आला आणि तिच्याजवळ बसला.

"मिनायो, तुला एक सांगतो. तुझ्या आजीलाही सांगितलं नव्हतं. एका हंगामात आमचा काटा मारलेला होता. ट्रॉलीमागे दोनशे किलो. वरून हुकूम होता. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसलो. नोकरी होती, पोरं शिकत होती. सबंध हंगाम मी कमी वजनं लिहिली आणि खाली सह्या केल्या. लोक कपाळाला हात लावून घरी जायचे. अजून बाजारात त्यांतलं कुणी भेटलं, की मी रस्ता बदलतो."

ती ऐकत होती.

"आता माझ्या सोयीसाठी तू स्वतःचं वजन कमी लिहितेस, आणि मी बघून गप्प बसू? पुन्हा? नाही जमायचं ते. परीक्षेत जे येतंय ते सगळं बरोबर लिही."

"मग मी जाईन."

"जाशील."

"आणि तुम्ही?"

"मी गोळ्या मोडायला शिकेन," तो म्हणाला. "आजोबा अपेक्षेच्या खाली आहे, पण अभ्यास करील."

ती हसली नाही. त्याच्या कोटात तोंड खुपसून रडली, आणि तोही रडला. मग तिने रबर घेऊन पाच खोडला आणि सहा लिहिला.

निकाल आला. 'अपेक्षेहून वरचढ.' खायेली मॅडमनी स्वतः शिउंडूचा हात हातात घेतला. "म्झे, काय जादू केलीत?" मकोखाने गावभर सांगितलं की ही सगळी माशाच्या डोक्यांची करामत आहे. चार घरांत तीच डोकी शिजली. शिउंडूने कुणाचं काही खोडलं नाही. प्रोटसला फोनवर तो एवढंच म्हणाला, "सांगितलं होतं ना ऑगस्टमध्ये बघ म्हणून?" मुलाला बापाचा आवाज रुबाबदार वाटला.

शनिवारी सकाळी प्रोटस येऊन तिला घेऊन गेला. गाडीच्या थांब्यावर मिनायोने आजोबाला गोळ्यांचं पाकीट दाखवलं. प्रत्येक खणावर तिने पेनने लिहिलं होतं, अर्धी, दीड, अर्धी, दीड. महिनाभराचं होतं. पुढच्या महिन्याचं कोण लिहिणार हे दोघांनीही विचारलं नाही. ती खिडकीशी बसली. शिउंडूने काचेला हात लावला, तिने आतून लावला, आणि गाडी हलली.

गाडी वळणापलीकडे गेली. धूळही बसली. मकोखा शेजारी उभा होता. गप्प राहणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसे.

"शिउंडू," तो म्हणाला, "आठ वाजता गाडी निघाली. नैरोबी चारशे किलोमीटर. ताशी पन्नास धर. किती वाजता पोचेल पोरगी?"

"आठ तास," शिउंडू म्हणाला. "म्हणजे आठ आणि आठ..." तो थांबला. बोटं मोजू लागला. "तीन. नाही, पाच. थांब, मध्ये नाकुरूला जेवायला थांबते. तो अर्धा तास... म्हणजे आठ वाजता..."

चालत्या ट्रॅक्टरवरचा ऊस नजरेने तोलणाऱ्या माणसाला आठात आठ मिळवता येईनात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

मकोखाला उत्तर येत होतं. जन्मात पहिल्यांदाच ते त्याने तोंडातल्या तोंडात ठेवलं. शिउंडूच्या दंडाला धरून त्याने त्याला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी टेकला.

"घाई नाही," तो म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून मांड. आठ वाजता गाडी निघाली."

"गाडी निघाली," शिउंडू म्हणाला, आणि पुढचं त्याला काही मांडता येईना.